जुन्या एसयूव्हीचं फोर बाय फोर अडकलंय? ट्रान्सफर केस उघडायच्या आधी हे करून बघा

गेल्या आषाढात भोरच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतातून गाडी बाहेर काढायला मी फोर लो टाकलं, म्हणजे चारही चाकं जोडून जास्त जोर आणि कमी वेग. चिखलातून गाडी मजेत निघाली. डांबरीवर येऊन खटका परत टू हायवर (रोजचा, दोनच चाकं ओढणारा) फिरवला, तर डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. गाडी फोर लोमध्येच. घरापर्यंतचे २२ किलोमीटर ताशी २५ च्या वेगानं आलो. इंजिन बोंबलतंय, मागे एसटी भोंगा वाजवतेय, आणि बायको शेजारी गप्प. गाडी घेऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच निकाल दिला. "ट्रान्सफर केस गेला साहेब, खोलावा लागेल." म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारा डबा. अंदाज ५५,००० रुपये. मी गाडी परत आणली आणि तीन रविवार तिच्याखाली घालवले. शेवटी दोष सापडला तो क्लच पेडलच्या वरच्या बोटाएवढ्या स्विचमध्ये आणि गाडीखालच्या एका कनेक्टरमध्ये. खर्च हजाराच्या आत. ट्रान्सफर केसला आजवर हात लागलेला नाही.

म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. बाहेरून सुरुवात करायची आणि आत जायचं. फुकटचं आधी, महागाचं शेवटी.

१. आधी गाडीत काय आहे ते ओळखा

हे सगळं पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हसाठी आहे, म्हणजे एरवी मागची दोन चाकं ओढतात आणि गरजेला तुम्ही पुढची जोडता. जिप्सी आणि थार यांच्यात त्यासाठी दांडा आहे, तर स्कॉर्पिओ आणि सफारी डायकॉरच्या फोर बाय फोरमध्ये खटका. २००९ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरची चारही चाकं कायम ओढायची, तिचं गणित वेगळं. मोनोकॉक बांधणीच्या (खाली वेगळी चॅसी नसलेल्या) ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांचंही वेगळंच.

गाडी जुनी घेतली असेल तर मागच्या दारावरच्या '४×४' या अक्षरांवर जाऊ नका, ती बाजारात स्टिकरसारखी मिळतात. खाली वाका. गिअरबॉक्सच्या मागे किंवा बाजूला अॅल्युमिनियमचा आणखी एक डबा दिसला पाहिजे, तोच ट्रान्सफर केस. त्यातून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे गेलेला असतो. पुढे जाणारा शाफ्टच नसेल तर तुमचं फोर बाय फोर अडकलेलं नाही, ते मुळात नाहीच. आणि डबा आहे पण पुढचा शाफ्ट नाही, फ्लँजला (शाफ्ट जोडायच्या चकतीला) जुन्या बोल्टांच्या खुणा आहेत, असं दिसलं तर समजा की आधीच्या मालकानं हाच त्रास शाफ्ट काढून मिटवला आणि गाडी विकली. फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीवर कुणी बाहेरून फोर बाय फोरचा सांगाडा चढवला असेल, तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे. आरटीओची मंजुरी आहे का ते आरसीवर तपासा.

२. हाताशी काय हवं

- १० ते १९ पर्यंतचे रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, एक पकड
- जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे गाडी पेलून धरणारे स्टँड (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, कधीच नाही)
- चाकांना लावायला चार चांगले दगड किंवा ओंडके
- मल्टिमीटर, निदान बल्ब लावलेली टेस्टर वायर
- कॉन्टॅक्ट क्लीनर, गंज सोडवणारा स्प्रे, जुना टूथब्रश
- शिंप्याची मोजपट्टी (हसू नका, लागते)
- गाडीचं मॅन्युअल आणि आधीच्या मालकाकडची सर्व्हिसची बिलं

मॅन्युअल गाडीबरोबर मिळालं नसेल तर मिळवा. कोणत्या वेगाला काय टाकायचं, ट्रान्सफर केसमध्ये कोणतं तेल, फ्यूज कुठला, ही तिन्ही उत्तरं त्यात असतात आणि प्रत्येक गाडीची वेगळी असतात. विम्याचे कागद मात्र आत ठेवा. साध्या मोटार विम्यात झिजेनं आलेला बिघाड धरत नाहीत.

३. अडकलंय की पीळ बसलाय?

नव्या माणसाची अर्धी प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून जरा सविस्तर.

गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. टू हायमध्ये त्याचं काही वाटत नाही, कारण पुढचं मागच्याला बांधलेलं नसतं. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) किंवा फोर लो टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरवतो. चिखलात, वाळूत, मुरमावर चाकं थोडी घसरतात आणि फरक जिरून जातो. कोरड्या डांबरीवर चाक घसरत नाही. मग तो फरक शाफ्टांत, गिअरात आणि साखळीत पिळासारखा साठत जातो. ओला टॉवेल दोघांनी दोन टोकांनी पिळावा तसा. त्या ताणाखाली आतली सरकती कडी दातांवर घट्ट आवळली जाते आणि दांडा हलत नाही, किंवा खटक्याच्या गाडीत ट्रान्सफर केसवरच्या मोटरला ती सरकवता येत नाही. मोडलेलं काहीच नसतं.

ओळखायचं कसं? स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडखळते, टायर कुरकुरतात.

उपाय असा. स्टिअरिंग अगदी सरळ करा. रिव्हर्स टाकून दहा-पंधरा मीटर सरळ मागे जा. थांबा, न्यूट्रल करा, टू हाय टाका. दिवा गेला नाही तर पाच मीटर पुढे, परत मागे. जवळ मातीची कड किंवा खडीचा पट्टा असेल तर तिथे जाऊन करा, लवकर सुटतं. तेही जमलं नाही तर सपाट जागी, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून, इंजिन बंद ठेवून पुढचं एक चाक जॅकनं जमिनीपासून सोडवा. चाक सुटताना झटक्यानं थोडं फिरतं. तो पीळ सुटला. तेव्हा हात चाकापासून लांब.

आणि हो, मी २२ किलोमीटर डांबरीवरून आलो ते करायला नको होतं. पावसानं रस्ता ओला होता म्हणून निभावलं.

४. खटक्याच्या अटी पाळल्या का?

खटका म्हणजे फक्त विनंती. ती मान्य करायची की नाही ते आत बसलेला कंट्रोलर ठरवतो. टू हायमधून फोर हाय चालत्या गाडीत जातं, पण वेगाला मर्यादा असते. फोर लोमध्ये जायला किंवा त्यातून बाहेर यायला बहुतेक गाड्यांना तीन गोष्टी एकदम लागतात. गाडी थांबलेली, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी ब्रेक. खटका फिरवून पाच-सहा सेकंद तसंच थांबा. आपली माणसं खटका फिरवतात, दोन सेकंदांत दिवा स्थिर झाला नाही की परत फिरवतात, मग परत, आणि बिचारी मोटर मधल्यामध्ये अडकून बसते.

माझा पहिला चोर इथेच सापडला. क्लच दाबलाय हे कंट्रोलरला पेडलच्या वरचा एक छोटा स्विच सांगतो. माझ्या गाडीत आधीच्या मालकानं जाड रबरी मॅट टाकली होती, त्यामुळे पेडल तळाला टेकत नव्हतं, आणि स्विचही झिजलेला. कधी लागायचा, कधी नाही. मॅट काढून, मोबाइलचा दिवा लावून पेडलच्या मुळाशी डोकं घातलं. पेडल दाबल्यावर स्विचची पिन पूर्ण सुटते का ते दिसतं. त्याच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावला की दाबताना आणि सोडताना फरक पडलाच पाहिजे.

५. मोजपट्टी काढा

चारही टायरांचा घेर मोजा. दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असतील, किंवा स्टेपनी वेगळ्या मापाची लावली असेल, तर सरळ रस्त्यावरसुद्धा पुढचं-मागचं अंतर जुळत नाही आणि पीळ बसत राहतो. जुनी गाडी विकताना बरेच जण समोर दिसणारे दोन टायर नवे टाकतात. हवाही चारही चाकांत मॅन्युअलप्रमाणे करा.

६. फ्यूज, तारा, उंदीर आणि मोटर

आता गाडीखाली जायचं. दांड्याची गाडी असेल तर सरळ आठव्या मुद्द्यावर या.

पहिला प्रयोग फुकटचा आहे, पण दोन माणसं लागतात. सपाट जागा, हँडब्रेक, चारही चाकांना दगड. इंजिन बंद, चावी ऑन. एकानं क्लच दाबून खटका फिरवायचा, दुसऱ्यानं ट्रान्सफर केसजवळ कान लावायचा. तीन शक्यता आहेत. 'घुर्रर्र' आवाज येऊन संपला तर मोटर फिरली. डॅशबोर्डच्या आतून नुसतं 'टक' ऐकू आलं आणि खाली शांतता असेल, तर हुकूम निघाला पण पोचला नाही, म्हणजे तार, कनेक्टर किंवा मोटर. दोन्ही आवाज नाहीत तर फ्यूज, खटका किंवा कंट्रोलर.

त्याआधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १४ हवेत. बॅटरी मरगळलेली असेल तर गाडी कशीबशी सुरू होते, पण कंट्रोलर रुसतो. फ्यूज बाहेर काढून मल्टिमीटरनं तपासा, डोळ्यांवर विश्वास नको. सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज घालण्याचा शहाणपणा करू नका, कुठेतरी तार घासतेय.

तार बघायची ती मोटरपासून वर बोनेटपर्यंत, बोटांनी चाचपत. गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी असेल तर उंदरांनी काहीतरी खाल्लंच असेल असं समजून चाला. एका मित्राच्या गाडीत दोन तारा सालं काढलेल्या उसासारख्या सोललेल्या निघाल्या.

मग कनेक्टर. ट्रान्सफर केसच्या मोटरजवळ एक चौकोनी कनेक्टर असतो, नेमका चिखल उडतो तिथे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कनेक्टरची कुलपी दाबून तो सोडवा. ओढताना तारांना धरू नका. माझ्यात आतल्या पितळी पिनांवर हिरवी बुरशी होती आणि रबरी सील जागेवरच नव्हतं. क्लीनर मारून टूथब्रशनं घासलं, वाळवलं, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात दिला, नवं सील घातलं. दोन पिना सैल होत्या, त्या सुईनं हलकेच आवळल्या. खटका फिरवला, 'घुर्रर्र', दिवा गेला. भरपावसात गाडीखाली आडवा पडून मी टाळी वाजवली.

कनेक्टर चांगला असूनही मोटर गप्प असेल तर ती काढावी लागते. साधारण तीन-चार बोल्ट असतात. काढण्याआधी फोटो घ्या आणि मोटर व तिच्यामागचा शाफ्ट यांच्यावर खडूनं खूण करा. दोघांची स्थिती जुळली नाही तर बसवल्यावर नवंच त्रांगडं होतं. मोटरच्या आत गोल चकतीवर सरकणारे संपर्क असतात, त्यांच्यावरून आपण कुठे आहोत हे कंट्रोलरला कळतं. जुनं ग्रीस घट्ट होऊन किंवा पाणी जाऊन हेच बिघडतात. साफ करून पुष्कळदा काम होतं. मोटर थेट बॅटरीवर तपासायची असेल तर वायरिंगच्या चित्रावरून मोटरच्या दोन तारा नक्की कोणत्या ते आधी पाहा, मध्ये फ्यूज घाला आणि सेकंदभरच लावा. सेन्सरच्या तारांना १२ व्होल्ट दिले की तो विषय कायमचा संपतो.

मोटर काढल्यावर उघडा पडलेला शाफ्ट पान्यानं हातानं फिरवून ट्रान्सफर केस टू हायमध्ये आणता येतो. आडरानात अडकलात तर हाच उपाय. पण सांभाळा. अनेक गाड्यांत फोर हाय आणि फोर लो यांच्या मध्ये ट्रान्सफर केसचा स्वतःचा न्यूट्रल असतो. त्या क्षणी गिअर टाकलेला असूनही गाडी मोकळी असते. उतारावर असाल आणि चाकांना दगड नसतील तर ती तुमच्या अंगावरून जाईल.

७. दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत

दिवा खरं बोलतोच असं नाही. बऱ्याच गाड्यांत तो ट्रान्सफर केसची स्थिती सांगतो, पुढचे हब (पुढच्या चाकाला त्याच्या शाफ्टशी जोडणारा किंवा सोडणारा मधला भाग) जोडले गेले की नाही ते सांगत नाही.

हातानं फिरवायचे हब असतील तर दोन्ही एकाच खुणेवर आहेत का बघा. व्हॅक्यूमवर चालणारे असतील तर इंजिनच्या पंपापासून चाकापर्यंत जाणाऱ्या बारीक रबरी नळ्या तपासा. दहा वर्षांत रबर बिस्किटासारखं तुटतं. इंजिन चालू करून, फोर हाय टाकून नळीचं टोक सोडवा आणि त्यावर बोट ठेवा. ओढ लागली पाहिजे. पंपाकडे ओढ आहे आणि हबकडे नाही, तर मधला व्हॉल्व्ह किंवा नळी. नळी मीटरच्या भावानं मिळते.

८. दांड्याची गाडी असेल तर

इथे वीज नाही, म्हणून भानगडी कमी. दांड्याच्या बुडाचा रबरी बूट फाटला की आत चिखल जातो आणि सांधे धरतात. कोकणातून आलेल्या गाड्यांत हे हमखास, खारी हवा लोखंडाला सोडत नाही. स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी मदतनिसाला दांडा हलवायला सांगून खालून बघा. दांडा हलतो पण ट्रान्सफर केसवरची पट्टी हलत नाही, तर बुश किंवा पिन गेली. पट्टी हलते पण काही फरक पडत नाही, तेव्हा दोष आत आहे. दांड्यावर पाइप चढवून जोर करू नका. आतला फोर्क, म्हणजे कडी सरकवणारा काटा, वाकतो, आणि मग ते ५५,००० खरोखर द्यावे लागतात.

९. तेल

ट्रान्सफर केसला भरायचा आणि सोडायचा असे दोन बोल्ट असतात. आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. खालचा सोडून तेल काढलं आणि वरचा गंजून बसला असेल तर गाडी तिथेच. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ओढा ओलांडताना गरम डबा एकदम थंड होतो आणि श्वासनळी (डब्यातली हवा आत-बाहेर होऊ देणारी ब्रीदर नळी) चिखलानं बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढतो, म्हणून ती नळीही फुंकून पाहा. तेलात बारीक चमक चालते, नखाएवढे तुकडे नाहीत. काही ट्रान्सफर केस एटीएफवर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतात, काही ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइलवर. 'सगळ्यांत तेच घालतो' म्हणणाऱ्याच्या हातात बाटली देऊ नका.

१०. गाडी तशीच न्यायची वेळ आली तर

फोर हायमध्ये अडकलेली गाडी क्रेननं पुढची चाकं उचलून ओढू देऊ नका. मागची चाकं फिरतात, ट्रान्सफर केस पुढच्यांनाही फिरवू पाहतो, आणि जे चांगलं होतं तेही जातं. पूर्ण गाडी वर चढवणारा सपाट ट्रकच मागवा. ते शक्य नसेल तर काही गाड्यांत पुढचा शाफ्ट दोन्ही टोकांचे चार-चार बोल्ट काढून उतरवता येतो आणि गाडी मागच्या चाकांवर चालते. फ्लँजवर रंगानं खूण करून ठेवा, तसाच परत बसला पाहिजे. शाफ्ट थेट ट्रान्सफर केसमध्ये सरकणारा असेल तर काढू नका, तेल वाहून जाईल. फोर लोमध्ये अडकली असेल तर शाफ्ट काढल्यावर पीळ बसत नाही, पण वेग मिळत नाही. फोर लो इंजिनाचा जोर साधारण अडीच पट करतो आणि वेग तेवढाच खाली आणतो.

११. मिस्त्रीकडे जाताना

इथपर्यंत सगळं करूनही अडलं, किंवा जोर लावताना खालून 'कडकड' करत साखळी उडी मारतेय असं वाटलं, तर डबा खोलावा लागेल. पण जाताना 'फोर बाय फोर चालत नाही' एवढंच बोलू नका. मोटर फिरते, कनेक्टर साफ केलाय, तेलात तुकडे आहेत, असं सांगा. ऐकणाऱ्याचा सूर बदलतो. विजेचा संशय असेल तर मिस्त्रीपेक्षा गाड्यांच्या वायरमनकडे आधी जा. काढलेला जुना भाग परत मागा. कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारात ट्रान्सफर केस आणि मोटरी मिळतात, पण प्लेटवरचा नंबर तुमच्याशी जुळवून घ्या आणि बिलाशिवाय घेऊ नका. चोरीच्या गाडीचा माल असेल तर पोलीस तुमच्याकडे येतील.

१२. सुटल्यावर चाचणी

मोकळं मैदान किंवा मुरमाचा रस्ता गाठा. घोड्यांवर फक्त दोन चाकं उचलून, फोर हाय टाकून इंजिननं फिरवायचा प्रयोग करू नका, जमिनीवरची दोन चाकं गाडीला घोड्यांवरून ढकलून देतात. मैदानात टू हाय, फोर हाय, टू हाय, मग थांबून फोर लो, परत टू हाय, असं पाच वेळा करा. प्रत्येक वेळी दिवा स्थिर व्हायला किती सेकंद लागले ते मोजा. माझ्या गाडीला दुरुस्तीनंतर तीन लागायचे. परवा पाच लागले, तेव्हा या रविवारी पुन्हा कनेक्टर उघडणार आहे. ती जुनी मॅट अजून गॅरेजमध्ये पडलीय, आता तिच्यावर आडवा पडून गाडीखाली जातो.